डेटा फ्लो आकृत्यांवरून क्लास कसे काढावेत? जुन्या विश्लेषणाचे काय करावे?

पुनर्लेखक

नमस्कार. आमच्या हाती सध्या एका वितरण व्यवसायाच्या संगणकप्रणालीच्या पुनर्लेखनाचे काम आहे. ग्राहकाची मागणी नोंदवणे, उधारीची मर्यादा तपासणे, गोदामातून माल काढणे, बीजक तयार करणे, वसुलीची नोंद ठेवणे आणि परत आलेला माल हाताळणे, एवढा तिचा आवाका आहे. मूळ प्रणालीचे विश्लेषण स्ट्रक्चर्ड पद्धतीने, म्हणजे कामाची प्रक्रियांत विभागणी करून, झाले होते आणि ते कागद आजही शाबूत आहेत. त्यांत एक संदर्भ आकृती (संपूर्ण प्रणाली आणि तिच्याशी देवाणघेवाण करणारे बाहेरचे घटक), तिच्याखाली ७ प्रक्रियांची पहिल्या पातळीची डेटा फ्लो आकृती (माहितीचा प्रवास दाखवणारी, प्रत्येक प्रक्रियेला एक वर्तुळ), प्रत्येक प्रक्रियेची आणखी एक पातळी, डेटा डिक्शनरी (माहितीच्या व्याख्यांची सूची), सर्वांत खालच्या प्रक्रियांची लघुविवरणे आणि उधारीच्या नियमांच्या निर्णयसारण्या (अटींच्या प्रत्येक जुळणीला कोणता निर्णय, ते सांगणाऱ्या) आहेत. ज्यांनी हे केले त्यांची आमची भेट झालेली नाही, पण काम मन लावून केलेले आहे हे पानापानावर दिसते.

नवी प्रणाली ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने, म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया (मेथड) एकत्र ठेवणाऱ्या ऑब्जेक्टनी, बांधायची असे ठरले. वेळ वाचावा म्हणून आम्ही पहिल्या पातळीवरच्या प्रत्येक वर्तुळासाठी एक क्लास (ऑब्जेक्टचा साचा) केला आणि प्रत्येक डेटा साठ्यासाठी दुसरा. चार महिन्यांनी हाती आले ते असे, की ‘मागणी व्यवस्थापक’ या क्लासमध्ये ४० हून अधिक मेथड आहेत आणि ‘मागणी’ या क्लासमध्ये मूल्ये वाचण्याच्या व बदलण्याच्या मेथडखेरीज काहीही नाही. मागणी रद्द करण्याचा नियम बदलला तेव्हा आम्हाला ५ क्लास उघडावे लागले. त्यांतला एक नजरेतून सुटला आणि चाचणीत माल रवाना झालेली मागणी रद्द झाली, तिचे बीजक मात्र तसेच राहिले.

हे जुने कागद बाजूला ठेवून विश्लेषण पुन्हा पहिल्यापासून करावे, की त्यांतून क्लास काढण्याची योग्य वाट आहे आणि ती आम्हाला सापडली नाही, एवढे मला समजून घ्यायचे आहे. दोन्ही पद्धतींनी प्रत्यक्ष व्यावसायिक प्रणाली केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कागदपेन्सिल

कागद टाकू नका, पण त्यांतले काय विश्लेषण आहे आणि काय केवळ जुन्या कार्यालयाचे चित्र आहे, हे आधी वेगळे करा. स्ट्रक्चर्ड पद्धतीत मी बरीच वर्षे काम केले आहे आणि तिच्यावर होणाऱ्या टीकेपैकी निम्मी टीका या दोन गोष्टी न निवडल्यामुळे होते, असे माझे मत झाले आहे.

या पद्धतीचा उगम कोड लिहिण्याच्या शिस्तीत आहे. प्रोग्रामात दुसरीकडे उडी मारायला लावणाऱ्या ‘गो टू’ विधानाविरुद्धचे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचे प्रसिद्ध पत्र १९६८ चे. त्यानंतर १९७४ मध्ये स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांनी ‘आयबीएम सिस्टीम्स जर्नल’मध्ये कपलिंग आणि कोहेजन या दोन कसोट्या मांडल्या. दोन मॉड्यूल (प्रोग्रामचे स्वतंत्र भाग) एकमेकांत किती गुंतलेली आहेत ते कपलिंग, आणि एका मॉड्यूलमधले भाग एकमेकांचे किती लागतात ते कोहेजन. शिस्त कोडकडून आराखड्याकडे आणि आराखड्याकडून विश्लेषणाकडे सरकत गेली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीमार्को, तसेच गेन आणि सार्सन यांनी डेटा फ्लो आकृतीला आज आपण ओळखतो ते रूप दिले. एकांनी प्रक्रियेसाठी वर्तुळ वापरले, दुसऱ्यांनी गोलसर कोपऱ्यांचा चौकोन. अर्थ एकच होता.

डेटा फ्लो आकृतीत क्रम नसतो आणि काळ नसतो. कोणती माहिती कुठून येते, कोठे बदलते आणि कोठे साठते, एवढेच ती सांगते. ‘आधी हे, मग ते’ अशा अर्थाने तिच्याकडे पाहणारा तिला फ्लोचार्ट समजत असतो. तुमची रद्द झालेली मागणी मला याच फटीतून निसटलेली दिसते. मागणीचे आयुष्य तुमच्या ७ पैकी निदान ४ प्रक्रियांत वाटले गेले आहे आणि त्या आयुष्याचे सलग चित्र कोणत्याही एका पानावर नाही. स्ट्रक्चर्ड परंपरेत याचे उत्तर नव्हते असे मात्र नाही. ब्रिटिश सरकारी प्रकल्पांसाठी १९८० च्या दशकात घडलेल्या एसएसएडीएम पद्धतीत डेटा फ्लो आणि माहितीची रचना यांच्या जोडीने प्रत्येक महत्त्वाच्या घटकाचा जीवनक्रम काढावा लागे. तुमच्या यादीत ही तिसरी बाजू नाही.

आता निवडण्याविषयी. मूळ पद्धतीत ४ पायऱ्या सांगितल्या जात: चालू व्यवस्थेचे भौतिक चित्र (कोण, कोठे, कसे करतो), त्यातून तिचे तार्किक चित्र (मुळात काय करायचे), मग नव्या व्यवस्थेचे तार्किक चित्र आणि शेवटी नव्याचे भौतिक. पहिल्याच पायरीवर महिने जात आणि पुष्कळ प्रकल्प तिथेच थकत. ही अडचण ओळखून मॅकमेनामिन आणि पामर यांनी १९८४ मध्ये वेगळी सुरुवात सुचवली. यंत्र कधी बिघडत नाही, त्याला वेळ लागत नाही आणि त्याची साठवण अमर्याद आहे अशी कल्पना करा. तरीही व्यवसायाला जे करावेच लागेल, तेच त्याचे खरे काम. त्या खऱ्या कामाची विभागणी बाहेरच्या घटनांप्रमाणे करा: ग्राहक मागणी देतो, ग्राहक पैसे देतो, महिना संपतो. प्रत्येक घटनेला प्रणाली कसा प्रतिसाद देते, ते एक वर्तुळ.

तेव्हा तुम्ही एक तपासणी करावी. तुमची ७ वर्तुळे त्या व्यवसायाच्या विभागांशी जुळतात का? विक्री, लेखा, गोदाम अशी नावे प्रक्रियांच्या वेषात बसलेली असतील, तर ती आकृती भौतिक आहे, आणि विभागांवरून काढलेले क्लास टिकणार नाहीत. संघटनेची फेररचना होते, पण ग्राहक पैसे देतो ही घटना राहतेच.

नवअभ्यासक

एक मूलभूत शंका विचारतो. ईआर आकृतीतला (घटक आणि त्यांचे संबंध दाखवणाऱ्या आकृतीतला) घटक आणि क्लास यांत नेमका फरक काय? अभ्यासक्रमात दोन्ही एकाच चौकोनाने काढायला शिकवले, आणि क्लासच्या चौकोनात खाली मेथडचा एक कप्पा वाढवला, इतकाच फरक आम्हाला जाणवला.

कागदपेन्सिल

पीटर चेन यांनी १९७६ मध्ये घटक आणि संबंध यांची मांडणी केली, तेव्हा प्रश्न होता तो व्यवसायाला कशाची माहिती लक्षात ठेवावी लागते हा. त्या माहितीवर कोण काय करील याविषयी ती आकृती मुद्दाम मौन पाळते, म्हणूनच एकच डेटाबेस अनेक प्रोग्रामना वापरता येतो. क्लास असे मौन पाळत नाही. माझ्याकडची माहिती कोणी थेट हात लावून बदलायची नाही, काय हवे ते मला सांगा आणि ते नियमात बसते की नाही हे मी ठरवीन, ही त्याची भूमिका असते. मेथडचा कप्पा भरला आणि ही भूमिका घेतली नाही, तर तुम्ही म्हणता तसा तो नुसता वाढवलेला चौकोन राहतो. पुनर्लेखक यांच्या ‘मागणी’ क्लासचे तेच झाले आहे.

संदेशवाहक

मी ऑब्जेक्ट पद्धतीच्या बाजूचा आहे, तरीही कागदपेन्सिल यांच्या म्हणण्यात मला वावगे काही दिसत नाही. त्यांनी जिथे सोडले तिथून पुढे लिहितो.

ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी ऑस्लोमध्ये सिम्युला ही भाषा केली ती बाहेरच्या जगातल्या व्यवस्थांची प्रतिकृती चालवून पाहण्यासाठी, आणि सिम्युला ६७ मध्ये क्लास व इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण त्याच्या उपवर्गाला वारशाने मिळणे) दोन्ही आले. ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात स्मॉलटॉक घडवली, आणि के यांचा भर क्लासपेक्षा ऑब्जेक्टनी एकमेकांना पाठवलेल्या संदेशांवर होता. हा भर मला व्यावसायिक प्रणालीसाठी फार मोलाचा वाटतो, कारण व्यवसायही असाच चालतो: एक जण दुसऱ्याकडे काम मागतो, ते कसे करायचे हे दुसऱ्याचे दुसरा पाहतो.

तुमच्या अडचणीवरचे सर्वांत नेमके उत्तर मात्र ऑब्जेक्टच्या नावाने लिहिलेले नाही. डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये एक छोटा प्रोग्राम घेतला, मजकुराच्या ओळी शब्दाशब्दावर फिरवून त्यांची अकारविल्हे सूची करणारा, आणि त्याची विभागणी दोन प्रकारे करून दाखवली. पहिल्या विभागणीत कामाच्या प्रत्येक टप्प्याला एक मॉड्यूल दिले होते: वाचणे, फिरवणे, लावणे, छापणे. दुसरीत जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकेका मॉड्यूलच्या आत दडवला होता. दोन्ही चालतात, पण ओळी साठवण्याची रीत बदलली तर पहिल्या विभागणीतली जवळजवळ सगळी मॉड्यूल उघडावी लागतात आणि दुसरीत एकच. तुम्ही ५ क्लास उघडलेत, कारण तुमचे क्लास टप्प्यांवरून काढलेले होते. वर्तुळ म्हणजे टप्पा. वर्तुळाला क्लास म्हटल्याने तो टप्पाच राहतो.

म्हणून कोणते नियम एकत्र बदलतात हा प्रश्न आधी विचारा. ‘ही मागणी आता रद्द करता येईल का’ याचे उत्तर मागणीच्या अवस्थेवर अवलंबून आहे, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी मागणीचीच. कागदावर तिची अवस्था आकृती काढा: नोंदवलेली, मंजूर, माल राखीव, रवाना, बीजक झालेली, बंद. ‘रद्द’ या अवस्थेकडे जाणारे बाण फक्त पहिल्या तीन अवस्थांतून निघतील. एकदा हे चित्र काढले आणि अवस्था बदलण्याचा अधिकार मागणीखेरीज कोणालाही ठेवला नाही, की तुम्ही सांगितलेली चूक लिहायलाच जागा उरत नाही.

जबाबदाऱ्या वाटण्यासाठी मी अजूनही केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये सुचवलेली कार्डे वापरतो. एका कार्डावर क्लासचे नाव, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे तो ज्यांच्याकडे काम मागतो त्यांची नावे. कार्डाची जागा मुद्दामच थोडी असते. ती भरून वाहू लागली तर क्लास फोडायची वेळ झाली. तुमच्या ४० मेथडच्या व्यवस्थापकाचे कार्ड मेज व्यापील. यूएमएलच्या (ऑब्जेक्ट पद्धतीच्या चिन्हभाषेच्या) आकृत्या त्यानंतर काढा. बूच, रंबॉ आणि जेकबसन यांच्या तीन निरनिराळ्या चिन्हपद्धतींतून ती एकत्र आली आणि १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने तिला मान्यता दिली, ही मोठी सोय झाली हे खरेच. पण ती लिहिण्याची भाषा आहे. क्लास कसा शोधावा, हे ती सांगत नाही.

पुनर्लेखक

दोघांचेही मनापासून आभार. तपासणी केली. आमच्या ७ पैकी ५ वर्तुळांची नावे विभागांवरून आलेली निघाली. ‘बीजक तयार करणे’ आणि ‘वसुली नोंदवणे’ या प्रक्रिया दुसऱ्या पातळीवर एकाच साठ्यातून तेच रकाने वाचत होत्या. कामे दोन खोल्यांत होत असल्यामुळेच त्यांची वर्तुळे दोन झाली होती.

त्यानंतर संदर्भ आकृती समोर ठेवून आम्ही घटनांची यादी केली. बाहेरून येणारा प्रत्येक प्रवाह ‘हा कशामुळे आला’ असे विचारून तपासला, आणि काळामुळे घडणाऱ्या घटना वेगळ्या लिहिल्या, जसे उधारीची मुदत संपणे, महिना संपणे, राखीव माल ठराविक दिवसांत न उचलला जाणे. ही शेवटची घटना जुन्या आकृत्यांत कोठेच नव्हती. गोदामातले लोक ती स्वतःच्या वहीत सांभाळत होते आणि प्रणालीला तिचा पत्ता नव्हता.

मग ‘ग्राहक माल परत करतो’ ही एक घटना आम्ही शेवटपर्यंत चालवून पाहिली. जुन्या लघुविवरणात लिहिले होते की बीजकाचा साठा वाचा, पूर्वी परत आलेल्या मालाची बेरीज काढा, ती बीजकातल्या संख्येतून वजा करा आणि उरलेल्या संख्येपर्यंतच माल स्वीकारा. हाच हिशेब तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या प्रक्रियेत तीनदा लिहिलेला होता, आणि तीन ठिकाणी बारीक फरक होता: एकीकडे तपासणीत नाकारलेला माल बेरजेत धरला होता, दुसरीकडे नव्हता. कार्डे मांडल्यावर दिसले की ‘किती परत घेता येईल’ हा प्रश्न बीजकाच्या ओळीला विचारायचा आहे. किती माल विकला आणि त्यातला किती परत आला, या दोन्ही गोष्टी तिलाच ठाऊक असायला हव्यात. तीन जागी विखुरलेली बेरीज एका जागी आली. फरकाचा प्रश्न व्यवसायाच्या लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्यांचेही आपापसांत एकमत नव्हते असे कळले. ते आता झाले आहे.

एक अडचण उरली. माल परत घेताना बीजक, गोदामातला साठा आणि ग्राहकाचे खाते या तिघांनाही हात लागतो. या तिघांना क्रमाने हाक मारणारा कोणी तरी हवा, आणि तो क्लास केला की पुन्हा तोच ‘व्यवस्थापक’ उभा राहील अशी धास्ती वाटते.

संदेशवाहक

तो क्लास करा, त्यात गैर काही नाही. प्रत्येक घटनेमागे एक पातळ समन्वयक असावा. त्याने फक्त क्रम ठरवायचा आणि सगळे मिळून यशस्वी झाले नाही तर सगळे मागे घ्यायचे. त्याच्यात नियम शिरला की नाही, हे ओळखण्याची माझी खूण अशी आहे की समन्वयकाने दुसऱ्या ऑब्जेक्टची अवस्था वाचून तिच्यावर ‘जर’ लावला, तर तो ‘जर’ त्या ऑब्जेक्टचा होता. ‘बीजक बंद असेल तर माल घेऊ नको’ हे समन्वयकाने म्हणायचे नाही. त्याने बीजकाच्या ओळीला ‘इतका माल परत घे’ असे सांगायचे आणि नकार आला तर तो वर कळवायचा. घटना, तिचा समन्वयक आणि तिची सिक्वेन्स आकृती (संदेशांचा क्रम दाखवणारी) अशी सांगड ठेवली, तर इवार जेकबसन यांनी एरिक्सनमधल्या कामातून पुढे आणलेल्या युज केसशी (वापरणाऱ्याच्या एका कामाच्या वर्णनाशी) ती आपोआप जुळते.

महिनाअखेर

या चर्चेत एक बाजू येत नाही म्हणून लिहितो. मी रात्री चालणाऱ्या हिशेबांचे काम करतो: लाखो नोंदी वाचायच्या, छाननी करायची, गट करायचे, बेरजा घ्यायच्या, अहवाल काढायचे. अशा कामाला अवस्था नसते आणि जबाबदारी सांभाळणारा ऑब्जेक्टही नसतो. आत एक प्रवाह येतो, बाहेर दुसरा जातो. इथे डेटा फ्लो आकृती हेच खरे चित्र आहे, आणि तिच्यावरून काढलेला स्ट्रक्चर चार्ट, वरचे मॉड्यूल खालच्याला माहिती देते आणि उत्तर घेते अशी ती उतरंड, जवळजवळ तशीच कोडमध्ये उतरते. एका प्रकल्पात आम्ही प्रत्येक नोंदीचा ऑब्जेक्ट करून महिनाअखेरचे व्याज काढत होतो. एका क्वेरीने डेटाबेसकडून मिनिटांत मिळणारे उत्तर त्या रीतीने पहाटेपर्यंत लांबत असे.

कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले, माहिती सारण्यांत ठेवणारे रिलेशनल प्रारूप संचांच्या भाषेत बोलते आणि ऑब्जेक्ट एकेकट्याच्या भाषेत. सारणीतली ओळ आणि ऑब्जेक्ट यांच्यातला सांधा प्रत्येक व्यावसायिक प्रणालीत कोठे तरी दुखतोच, आणि तो कोठे ठेवायचा हे आराखड्याच्या वेळीच ठरवावे लागते. पुनर्लेखक यांनी आपल्या घटनांच्या यादीवर दोन रंगांनी खुणा कराव्यात, असे सुचवतो. ज्या घटनांत एका गोष्टीची अवस्था बदलते त्या एका रंगात, ज्यांत पुष्कळ गोष्टींचा एकगठ्ठा हिशेब होतो त्या दुसऱ्या. दुसऱ्या रंगासाठी जुनी दुसऱ्या पातळीची आकृती आणि लघुविवरण तसेच वापरता येईल.

कागदपेन्सिल

महिनाअखेर यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. निर्णयसारण्यांविषयी मी आधी लिहायला विसरलो, ते इथे जोडतो. उधारीची तुमची सारणी तीन होय-नाही अटींची असेल, तर तिला ८ स्तंभ हवेत. स्तंभ कमी असतील तर दोन एकत्र केले आहेत की एखादी शक्यता राहून गेली आहे, हे लगेच पडताळता येते. दोन्ही पद्धतींत मला याहून सच्चे साधन माहीत नाही. तिचे ‘उधारीचे धोरण’ असा एक छोटा ऑब्जेक्ट करा आणि प्रत्येक स्तंभाची एक चाचणी लिहा. डेटा डिक्शनरीही जपा. ‘मागणी म्हणजे मागणी क्रमांक, अधिक दिनांक, अधिक एक वा अनेक ओळी’ असे ती सांगते, तेव्हा निदान एक ओळ असल्याशिवाय मागणी अस्तित्वातच येत नाही असा नियमही ती सांगत असते, आणि तो तुमच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडमध्ये) यायला हवा.

नवअभ्यासक

आमच्या सरावात ‘ग्राहक’ या क्लासखाली ‘किरकोळ ग्राहक’ आणि ‘घाऊक ग्राहक’ असे दोन उपवर्ग केले आणि ‘पुरवठादार’ वेगळा ठेवला. परीक्षकांना ते आवडले नाही. असे करणे चुकीचे का मानतात?

संदेशवाहक

इनहेरिटन्स ही ऑब्जेक्ट पद्धतीतली सर्वांत आकर्षक आणि व्यवसायाच्या प्रारूपात सर्वांत जपून वापरायची गोष्ट आहे. आज किरकोळ असलेला ग्राहक उद्या घाऊक झाला तर काय होते, हे विचारा. बहुतेक भाषांत ऑब्जेक्टचा क्लास मध्येच बदलता येत नाही, म्हणजे जुना ऑब्जेक्ट नष्ट करून नवा करावा लागेल आणि त्याचा सगळा इतिहास, थकबाकी, चालू मागण्या नव्याकडे वळवाव्या लागतील. तसेच एकच संस्था आपल्याकडून माल घेत असेल आणि आपल्याला मालही पुरवत असेल, तर ती दोन ठिकाणी दोन नावांनी नोंदली जाईल आणि तिच्या दोन बाजूंच्या रकमांची वळती कोणालाच करता येणार नाही. ग्राहक असणे, घाऊक असणे, पुरवठादार असणे या भूमिका आहेत. संस्था एक ठेवा आणि तिला भूमिका जोडा.

उपवर्ग कोठे योग्य, याची कसोटी बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या विचारातून येते: जिथे मूळ प्रकाराची अपेक्षा आहे तिथे उपप्रकार ठेवला, तर वापरणाऱ्याचा भरवसा मोडता कामा नये. ‘रोख भरणा’ आणि ‘धनादेशाने भरणा’ हे ‘भरणा’चे उपवर्ग होऊ शकतात असे सकृद्दर्शनी वाटते. पण भरणा नोंदवला की खाते लगेच कमी होते असे जर बाकीची प्रणाली गृहीत धरत असेल, तर वटायला वेळ घेणारा धनादेश तो भरवसा मोडतो. तिथे मूळ वर्गाचे वचनच बदलावे लागते: नोंद आणि निश्चिती या दोन वेगळ्या पायऱ्या कराव्या लागतात.

रेघारेषा

मी व्यवसायाच्या बाजूने, गरजा समजून घेण्याचे काम करते. या आकृत्या कोणाला वाचता येतात, हेही लक्षात घ्यावे. संदर्भ आकृती मी कोणापुढेही ठेवली तरी दोन मिनिटांत ‘इथे वाहतूकदार राहिला’ असे बोट लागते. क्लास आकृतीपुढे तेच लोक मान डोलावतात, आणि ती मान मी होकार समजून पूर्वी बऱ्याच चुका केल्या आहेत. नात्यांच्या टोकांवरचे ‘एक’ आणि ‘अनेक’ मी आता त्यांना दाखवत नाही, वाक्य करून विचारते: ‘एक बीजक दोन मागण्यांचे मिळून कधी होते का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे आले तरी थांबायचे नाही, ‘गेल्या वर्षात एकदाही झाले नाही?’ असे पुन्हा विचारायचे. तेव्हा हमखास एखादी आठवण निघते. अवस्था आकृती मात्र व्यवसायाच्या लोकांना फार चांगली कळते, असा माझा अनुभव आहे. मागणीचे कागद हातोहात कसे फिरतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले असते, त्यामुळे चुकीचा बाण त्यांना लगेच खटकतो. पुनर्लेखक यांनी मागणी, बीजक आणि राखीव माल यांच्या अवस्था आकृत्या त्यांच्यासमोर बसून काढाव्यात.

पुनर्लेखक

तसेच केले. मागणीच्या आकृतीत ‘अंशतः रवाना’ ही अवस्था आमच्याकडून राहिली होती; गोदामप्रमुखांनी ती पहिल्या पाच मिनिटांत सांगितली. ती येताच ‘रद्द’चा प्रश्न पुन्हा उघडला, आणि उरलेल्या ओळी रद्द करता येतात पण मागणी रद्द करता येत नाही, असा नियम ठरला. म्हणजे रद्द होण्याची जबाबदारी मागणीकडून तिच्या ओळीकडे गेली. घटनांवर रंगही केले. महिना संपण्याच्या आणि अहवालांच्या घटना जुन्या आकृत्यांवरूनच बांधतो आहोत. संदर्भ आकृती, घटनांची यादी, डिक्शनरी, निर्णयसारण्या आणि अवस्था आकृत्या एवढेच कागद यापुढे अद्ययावत ठेवायचे ठरवले आहे. क्लास आकृती कोडवरून हवी तेव्हा काढता येते.

आता वसुलीच्या घटना घेतल्या आहेत. ग्राहक एकाच रकमेत तीन बीजके फेडतो, त्यांतले तिसरे अर्धेच, आणि पुढच्या भरण्यात उरलेले अर्धे. ‘या बीजकापोटी इतकी रक्कम’ ही नोंद भरण्यात ठेवली तर बीजकाला आपली बाकी सांगता येत नाही, बीजकात ठेवली तर भरण्याला आपली शिल्लक सांगता येत नाही. यासाठी तिसरा क्लास करावा का?

कागदपेन्सिल

होय. ती रक्कम भरण्याची नाही आणि बीजकाचीही नाही, त्या दोघांच्या संबंधाची आहे. ईआर आकृतीत अनेकांचे अनेकांशी नाते आले आणि त्या नात्याला स्वतःची माहिती चिकटली, की आम्ही तिथे एक सांधणारा घटक काढत असू. तुमच्या जुन्या डेटा साठ्यांत पाहा. भरणा क्रमांक आणि बीजक क्रमांक असे दोन्ही ज्याच्या किल्लीत (नोंद ओळखण्याच्या रकान्यांत) आहेत असा एक साठा तिथे बहुधा असेलच. त्याचा क्लास करा, त्याला ‘विनियोग’ म्हणा, आणि भरण्याच्या सगळ्या विनियोगांची बेरीज भरण्याच्या रकमेपेक्षा जास्त होणार नाही हा नियम भरण्याकडे, तर बीजकाच्या रकमेपेक्षा जास्त होणार नाही हा नियम बीजकाकडे ठेवा. विनियोग नोंदवताना समन्वयकाने दोघांचीही संमती घ्यायची.

पुनर्लेखक

साठा सापडला. क्रमांक ११, नाव ‘वसुली-बीजक जोडणी’, आणि त्याच्या किल्लीत दोन्ही क्रमांक आहेत.